येणाऱ्याची मूठ : एका घरातल्या उरलेल्या अन्नाचं प्रकरण

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून हवा कोंदट झालेली असताना, एके दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला आमच्या सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या. मी ठाण्याला ऑफिसात पोहोचतच होते. बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोन आला तशी उलट्या पावली डोंबिवलीची गाडी पकडली. घरी आले तर आई भिंतीला टेकून बसलेल्या, चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला आणि विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं? फोडणीचा भात. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला : भात रात्री कुठे ठेवला होता?

भात ओट्यावर होता. रात्री आठला कुकर उतरला, दोघंजण बाहेरून खाऊन आले, निम्मा भात तसाच राहिला. फ्रिजमध्ये बोट शिरवायला जागा नव्हती, म्हणून पातेल्यावर झाकण घालून तो ओट्यावरच ठेवला. सकाळी आईंनी त्याला कांदा-मिरचीची खमंग फोडणी दिली. आम्ही पाचजणांनी ताजी पोळी-भाजी खाल्ली, चौघं डबे घेऊन आपापल्या वाटेला लागलो आणि तो भात आईंनी एकटीने संपवला. सलाईन लावायची वेळ आली नाही. मीठ-साखरेच्या पाण्यावर आणि औषधांवर दुसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या. पण ७४ वर्षांच्या माणसाला एवढ्यानेही किती थकवा येतो ते पुढचा आठवडाभर दिसत होतं. डॉक्टरांचा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, आणि त्याच्या मागोमाग माझाच एक तिसरा आला. सहा माणसांच्या घरात उरलेला भात एकाच माणसाच्या वाट्याला का आला?

पुढचे दहा महिने आमच्या घरात जे झालं ते या तिसऱ्या प्रश्नामुळे झालं. ते इथे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण उरलेल्या अन्नाच्या पाककृती सगळीकडे मिळतात, पण ते अन्न उरतं का आणि शेवटी कुणाच्या पोटात जातं, हे कुणी लिहीत नाही.

नाकाला न कळलेलं

आधी भाताचं सांगते. आईंचं नाक घरात शेवटचा शब्द होतं. दूध नासायच्या बेतात आहे, आमटीला तार सुटते आहे, उसळ विटली, पीठ खवट झालं, हे त्या झाकण उघडता उघडता सांगायच्या. त्या सकाळीही त्यांनी भात हुंगला होता. वास नव्हता, चिकटपणा नव्हता, शीत न् शीत मोकळं होतं. म्हणून तर फोडणी दिली.

कच्च्या तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हे बीजाणू कुकरच्या शिट्यांनीही सगळे मरत नाहीत. भात शिजल्यावर कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांच्या एका जातीचं विष भातात उतरतं. हे विष उष्णतेला दाद देत नाही. जिवाणू मेले तरी विष राहतं, त्यामुळे सकाळची कितीही चरचरीत फोडणी त्याचं काही वाकडं करू शकत नाही. उलट्या अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत सुरू होतात. आईंना झालं ते नेमकं हेच होतं असं प्रयोगशाळेतून कुणी सिद्ध केलेलं नाही, पण वेळ जुळत होती, भात जुळत होता आणि डॉक्टरांचा रोखही तिकडेच होता.

आईंना हे पटायला वेळ लागला. त्यांचं माहेर बार्शीकडचं. "आमच्याकडे रात्रीचा भात ताकात कालवून ठेवायचे आणि सकाळी सगळी पोरं खायची, कुणाला कधी काही झालं नाही," असं त्या ठामपणे म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही, कारण त्यात तथ्य आहे. ताकाच्या आंबटपणात हे जिवाणू सहजी वाढत नाहीत. त्या भातात ताक रात्रीच पडायचं. आमचा भात मात्र डोंबिवलीच्या दमट हवेत, झाकणाखाली आपल्याच वाफेत, अकरा तास बसून होता. हा फरक सांगितल्यावर त्या गप्प झाल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे झाकण लगेच घालायला नको होतं."

तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. भात उरतोय असं दिसलं की जेवणं आटोपायच्या आत तो परातीत पसरायचा. पंखा लावायचा. वाफ गेली की उथळ डब्यात भरून तासाभरात, फार तर दोन तासांत, फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी खायचा, खाताना एकदाच आणि वाफ येईपर्यंत सणसणीत गरम करायचा. फ्रिजचा आकडा ५ अंशांच्या खाली आहे ना ते बघायचं. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात मात्र टाकून द्यायचा, कितीही जिवावर आलं तरी.

वही

घराची रचना सांगायला हवी. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराचं घर. आई, बाबा, मी, माझा नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि बारावीचा मुलगा. चौघांचे डबे सकाळी निघतात. नवरा ८:०७ ची फास्ट पकडतो. संध्याकाळी कोण किती वाजता येईल आणि खाऊन येईल की उपाशी, याचा काही नेम नाही. लोकलवर जगणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

केकसाठी घेतलेला छोटा वजनकाटा होता. चार आठवडे मी तो कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला आणि एक वही केली. सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, माशाचे काटे यांना एक पान. खाता आलं असतं पण टाकलं, त्याला दुसरं पान. फक्त दुसऱ्या पानाची बेरीज चार आठवड्यांत दहा किलो झाली. त्यात ४१ पोळ्या होत्या, म्हणजे साधारण दीड किलो. भात २ किलो २०० ग्रॅम. शिजवलेल्या भाज्या, उसळी, आमटी मिळून जवळजवळ तीन किलो. अडीच किलोच्या वर भाज्या आणि फळं न शिजवताच गेलेली. उरलेलं ब्रेड, दही, साय असं किरकोळ.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल भारतातल्या घरांसाठी माणशी वर्षाला ५५ किलोचा अंदाज देतो, म्हणजे आठवड्याला माणशी किलोभर. त्यात सालं-टरफलंही धरलेली असतात, त्यामुळे माझ्या दुसऱ्या पानाशी तो आकडा थेट जुळवता येत नाही. दोन्ही पानं मिळून आमचं घर त्या अंदाजाहून थोडं वरच होतं. आम्ही स्वतःला काटकसरी समजत होतो. आमच्या घरात कुणी ताटात टाकत नाही, हे आम्ही अभिमानाने सांगायचो, आणि ते खरंही होतं. ताटात टाकलेलं वहीत दोन-तीनदाच आलं. जात होतं ते पातेल्यातून, डब्यातून आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातून.

वहीत एक गोष्ट अशीही दिसली जी काट्यावर येत नव्हती. आईंनी खाल्लेलं शिळं. मी त्याचा वेगळा रकाना केला. चार आठवड्यांत २६ वेळा आईंनी ताजं सोडून आदल्या दिवशीचं खाल्लं. बाबांनी तीनदा. मी सातदा. नवरा आणि मुलं, एकदाही नाही. आमच्या घरात अन्न कमी वाया जायचं याचं श्रेय इतकी वर्षं आमच्या शिस्तीला मिळत होतं. रकाना बघितल्यावर कळलं की ते एका बाईच्या पोटाला द्यायला हवं होतं. ते पान मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलं. मुलगा बराच वेळ बघत राहिला. "आजी, तू रोज?" एवढंच म्हणाला.

आईंचा हिशोब

वही करताना मला वाटलं होतं की दोष माझ्या नियोजनाचा निघेल. निघाला, पण त्याच्या मुळाशी तांदळाच्या डब्यातली एक जादा मूठ होती.

आई तांदूळ मुठीने मोजतात. माणशी एक मूठ, आणि सगळ्यात शेवटी आणखी एक. "येणाऱ्याची." जेवणाच्या वेळेला कुणी दारात आलं तर भांडं रिकामं दिसू नये म्हणून. १९७२ च्या दुष्काळात त्या बावीस वर्षांच्या होत्या, नुकतंच लग्न झालेलं. सोलापूर जिल्ह्यात दुष्काळी कामांवर बायका खडी फोडत होत्या. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. पोरांना सुकडी वाटायचे. त्या दिवसांत एकदा मामेसासरे अचानक दारात आले आणि घरात वाढायला काही नव्हतं. पन्नास वर्षांनंतरही ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. त्यानंतर त्यांनी कधी मूठ चुकवली नाही. घरातलं धान्य संपलं तरी त्या "संपलं" म्हणत नाहीत, "तांदूळ वाढले" म्हणतात.

रोजची ती मूठ साधारण ४५ ग्रॅम. शिजल्यावर तिचा जवळजवळ तिप्पट भात होतो. येणारा तर आता येण्याआधी फोन करतो. म्हणजे महिनाभरात चार किलोंच्या आसपास भात न येणाऱ्या माणसासाठी शिजत होता. त्यातला काही कुणी ना कुणी खात होतं, बराचसा आई खात होत्या, आणि उरलेला डब्यात जात होता. आईंना मी हे गणित सांगितलं नाही. जिने भुकेला माणूस दारातून रिकाम्या हाताने गेलेला बघितला आहे तिला ग्रॅम सांगणं मला बरं वाटेना.

पोळ्यांचं कारण साधं होतं. पोळ्या करायला मावशी येतात. महिन्याचा पगार चोवीस पोळ्यांवर ठरलेला. कोणी गावाला गेलं तरी चोवीस, उपास असला तरी चोवीस. त्यांना कुणी आकडा सांगायचं नाही आणि त्या विचारायच्या नाहीत, कारण पोळ्या कमी झाल्या तर पगार कमी होईल अशी त्यांना धास्ती होती. हे त्यांनी मला खूप नंतर, ओटा पुसता पुसता सांगितलं.

उरलेल्या पोळ्यांपैकी काही आई मावशींनाच द्यायच्या. कागदात गुंडाळून, आपुलकीने. वही सुरू असताना एकदा मी खिडकीतून पाहिलं तर मावशींनी तो कागद खालच्या कोपऱ्यावर गाईपुढे सोडला. मला राग आला नाही. लाज वाटली. दोन दिवसांची वातड पोळी, जी आमचा मुलगा तोंडाला लावणार नाही, ती आम्ही त्यांच्या हातात ठेवत होतो आणि मनात "वाया गेलं नाही" अशी नोंद करत होतो. शिळं दुसऱ्याच्या हातात दिलं की आपला हात स्वच्छ होतो, हा समज मोडायला मला ती खिडकी लागली. मी आईंशी बोलले. त्या दिवसभर अबोल होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना गरम पोळीवर तूप घालून समोर बसवलं आणि मग स्वतः चहा घेतला. तेव्हापासून आमच्याकडे द्यायचं ते त्या दिवशीचं, आपण स्वतः जेवू असं, आणि "नेणार का?" असं विचारून.

काय फसलं

सगळ्यात आधी मी फ्रिजवर आठवड्याचा तक्ता लावला. नऊ दिवस टिकला. तक्त्यात मंगळवारी कारली होती आणि मंगळवारी मुलगी मैत्रिणीकडे जेवली. लोकल, क्लास आणि कॉलेज यांच्यापुढे तक्ता काय टिकणार!

मग दोन आठवडे मी उरलेल्या प्रत्येक भाजीचं थालीपीठ केलं. फरसबीचं, दुधीचं, एकदा वांग्याचंही. मुलांनी पहिलं कौतुकाने खाल्लं, दुसरं नाइलाजाने, तिसरं डब्यातून परत आलं. आता शिळी भाजीही वाया आणि त्यात घातलेलं ताजं पीठ-तेलही वाया! हे मी वहीत लिहिलं तेव्हा वजन वाढलेलं होतं. उरलेलं वाचवायच्या नादात आपण त्यावर किती ताजं सामान आणि गॅस घालतो, हे बघायला हवं. पाव वाटी उरलेल्या भाजीसाठी दोन वाट्या भाजणी मळणं परवडत नाही.

तिसरी चूक खताची. सोसायटीने ओल्या कचऱ्याचं खत करायला सुरुवात केली होती, आणि ते उत्तमच आहे. कल्याणच्या आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराला उन्हाळ्यात लागलेल्या आगी आणि तो धूर या भागात ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना ओला कचरा घराजवळच जिरवण्याचं मोल कळतं. ढिगात दबलेलं अन्न हवेशिवाय कुजतं, त्यातून मिथेन निघतो, आणि आगीला तोही खाद्य पुरवतो. पण आमच्या घरात खताच्या टोपलीने एक वेगळीच गोष्ट केली. "खतच होणार आहे ना" म्हणून सगळ्यांचे हात सैल सुटले. टोपली आली त्या आठवड्यात दुसऱ्या पानाचं वजन वाढलं. शिजवलेली उसळ खतात टाकणं म्हणजे त्यातले मूग, पाणी, गॅस आणि पहाटे उठून कुणीतरी केलेली मेहनत मातीत घालणं. मी टोपलीवर कागद चिकटवला : सालं, चोथा, देठ. एवढंच.

काय टिकलं

भाताचा प्रश्न सुटला तो मेसेजमुळे. संध्याकाळी सहापर्यंत घरच्या ग्रुपवर प्रत्येकाने "घरी" किंवा "बाहेर" एवढंच टाकायचं. पहिले पंधरा दिवस मुलं विसरली. नवऱ्यासाठी आणखी एक खूण ठरली. गाडीने ठाणं सोडलं की "ठाणं" असा एक शब्द. तो आला की बाबा कुकर लावतात. हो, बाबा. ७९ व्या वर्षी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावला आणि आता ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. गाडी डोंबिवलीला येऊन माणूस घरात पाय धुऊन बसेपर्यंत भात वाफाळत तयार असतो. पूर्वी साडेसातलाच सगळ्यांचा लावून मोकळं व्हायची सवय होती, त्यामुळे किती माणसं जेवणार हे कळायच्या आत भात शिजलेला असायचा.

पोळ्यांसाठी मी मावशींशी बसून बोलले. पगार तोच राहील, पोळ्या लागतील तेवढ्याच. आता त्या आत आल्या की चपला काढता काढता विचारतात, "ताई, आज किती?" कधी सोळा, कधी वीस. वेळ वाचला तर त्या भाजी निवडून देतात, त्याचे पैसे वेगळे ठरवले.

तरीही पोळ्या उरतात, आणि इथे आईंचं बार्शीचं शहाणपण कामाला आलं. सोलापूरकडे ज्वारीची कडक भाकरी करतात, महिनाभर डब्यात राहते. आईंनी तीच युक्ती पोळीवर चालवली. तवा मंद आचेवर ठेवायचा. तेलाचा थेंबही नाही. सकाळची पोळी टाकायची आणि स्वच्छ फडक्याचा घट्ट बोळा करून कडेकडेने दाबत फिरवत राहायचं, जिथे फुगा धरेल तिथेच जरा जास्त दाबायचं. पोळीतलं पाणी निघताना आधी चर्र असा बारीक आवाज येतो, मग तो थांबतो. आवाज थांबला की उलटायची. दोन्ही बाजूंना बदामी ठिपके आले की उलथन्याच्या टोकाने वर टिचकी मारून बघायची. टक्क वाजली की झाली. लगेच डब्यात भरायची नाही, जाळीवर पूर्ण गार करायची, नाहीतर आतल्या वाफेने मऊ पडते. वरून शेंगदाण्याची चटणी, किंवा मेतकूट आणि चमचाभर तूप. मुलगा क्लासला जाताना दोन खिशात घालून नेतो, आणि सहा वाजताचा वडापाव बऱ्याच वेळा राहून जातो. उरलेल्या अन्नातून केलेली आणि मुलांनी मागून घेतलेली ही आमच्याकडची पहिली वस्तू. फोडणीची पोळी आणि लाडू आहेतच, पण ते रोज कोण करणार? कडक पोळीला दहा मिनिटं आणि एक तवा लागतो.

फ्रिजमध्ये मधली फळी मोकळी केली. उरलेलं तिथेच, समोर, काचेच्या किंवा पारदर्शक डब्यांत. स्टीलचे डबे दिसायला छान, पण झाकणाखाली काय आहे ते कळत नाही, आणि चौथ्या दिवशी उघडल्यावर कळून उपयोग नसतो. डब्यावर तारखेची चिकटपट्टी लावते. शिजवलेलं दोन दिवसांपलीकडे ठेवत नाही. वरण उरलं तर दुसऱ्या दिवशी त्यात लसणाची फोडणी आणि कणकेचे शंकरपाळे सोडून चकोल्या, कारण वरण तिथे मुळातच लागतं, वेगळं काही घालून त्याला वाचवावं लागत नाही. माझी कसोटी आता हीच आहे. ज्या पदार्थात उरलेली वस्तू एरवीही पडलीच असती, तोच करायचा.

शुक्रवारी रात्री नवा स्वयंपाक नाही. मधली फळी सगळी टेबलावर येते, फक्त पोळ्या किंवा भात ताजा. शनिवारी बाजार असतो म्हणून शुक्रवार निवडला, फ्रिज रिकामा असला की माणूस नेमकं घेऊन येतो. या जेवणाला आईंनी "काला" नाव दिलं. गोपाळकाल्यात प्रत्येक सवंगड्याची शिदोरी एकत्र होते आणि सगळे मिळून खातात, कुणी एकटा नाही. नियम एकच : प्रत्येक डब्यातलं प्रत्येकाच्या ताटात थोडं थोडं. शिळं एकाच ताटात जायचं नाही. नवऱ्याने पहिल्या शुक्रवारी तोंड वाकडं केलं होतं. मुलीने त्याच्यासमोर वहीचं ते पान उघडून ठेवलं.

कच्च्या भाज्यांचं मात्र अजून नीट जमलेलं नाही. स्टेशनबाहेर रात्री आठनंतर जुडीचे भाव पडतात, एकीच्या पैशात दोन मिळतात, आणि थकलेला हात दोन उचलतो. दुसरी जुडी बुधवारपर्यंत काळी पडते. कोथिंबीर न धुता, पुसून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर आठवडा जाते. मेथी घरी आल्या आल्या निवडली तरच वाचते. देठांचं वाटण, दोडक्याच्या शिरांची चटणी, फ्लॉवरच्या कोवळ्या देठांची भाजी हे सगळं करते. पण रात्री साडेनऊला घरी आलेल्या माणसाकडून निवडणं होत नाही, हे खरं आहे. तेव्हा एकच जुडी घ्यायची, दुसरी स्वस्त असली तरी. दहापैकी सहादा जमतं.

डब्यांतून परत येणाऱ्या भाजीबद्दल मी नवऱ्यावर वर्षानुवर्षं चिडत होते. वहीच्या निमित्ताने पहिल्यांदा शांतपणे विचारलं. त्याने सांगितलं की मीटिंग असली की तिथेच जेवण येतं आणि डबा नको असतो, पण "पहाटे उठून केलेला डबा नको कसा म्हणू?" तो मला दुखवायचं नाही म्हणून भरलेला डबा घेऊन जात होता आणि आंबलेला परत आणत होता. आता आदल्या रात्री सांगतो.

पिठलं

आईंची मूठ सगळ्यात शेवटी बदलली, आणि ती आम्ही बदलली नाही. ऑक्टोबरमध्ये एका रविवारी दुपारी बाराला नात्यातली चार माणसं न सांगता आली. कुकर मोजून लावलेला. आईंनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. बावीस वर्षांची मुलगी होती त्या नजरेत. मी काही बोलायच्या आत मुलीने दुसरा कुकर चढवला, बाबांनी कांदा चिरायला घेतला, मी डाळीचं पीठ कालवलं. वीस मिनिटांत पिठलं, गरम भात, कडक पोळ्या, लसणाची चटणी आणि ताक. पाहुण्यांनी पिठलं दोनदा मागून घेतलं.

रात्री आईंनी तांदळाच्या डब्यात हात घातला. सहा मुठी घेतल्या. सातवी हातात धरून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग फळीवरचा लोणच्याचा धुतलेला रिकामा डबा काढला आणि मूठ त्यात टाकली. कच्चीच.

तेव्हापासून येणाऱ्याची मूठ रोज त्या डब्यात पडते. मार्चमध्ये मी पुन्हा चार आठवडे वही केली : दुसरं पान साडेतीन किलो, त्यातली अर्ध्याहून अधिक कच्ची भाजी, भात २०० ग्रॅम. शिळ्याच्या रकान्यात सहाही जणांची नावं आहेत, आईंचं चौथ्या क्रमांकावर.

डबा दीड महिन्यात भरतो, दोन किलोंच्या थोडा आत-बाहेर. पहिल्यांदा भरला तेव्हा आईंनी त्या तांदळांच्या बाजूला तूरडाळ, गूळ आणि मीठ ठेवून ताट तयार केलं, हळदकुंकू लावलं आणि मावशींना म्हणाल्या, "शिधा आहे. घरी नेऊन तुमच्या हाताने करा." मावशी मुरबाडकडच्या. पुढच्या खेपेला गावाहून येताना त्यांनी वालाच्या शेंगांची पिशवी आणली आणि ओट्यावर ठेवली. "वानवळा आहे, आजी." आई शेंगा सोलायला बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, आधी बघा, रात्री जेवायला कितीजण आहेत.